फैजपूरची वाट

निवडणूक आली की पक्षाच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो हा, की प्रचाराचा जोर लावायचा कुठं? शहरात सभा भरवणं सोपं. मैदान असतं, वर्तमानपत्रात बातमी येते. खेड्यात गाडीवाटेची धूळ आणि कंदिलाच्या उजेडात जमलेली पाचपन्नास माणसं. 1936 साली काँग्रेसपुढे हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर मिळालं आपल्या खानदेशात.

1935 च्या कायद्यानं मताचा अधिकार पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढला होता. प्रांतिक निवडणुकांसाठी देशभर सुमारे 3 कोटी मतदार झाले, आणि 1937 च्या आरंभी मतदान व्हायचं होतं. नवे मतदार बरेचसे नांगरामागचे. तोवर अधिवेशनं भरत ती मुंबई, लखनौ अशा शहरांतून. गांधीजींचा आग्रह होता की आता खेड्यात चला. म्हणून 27 व 28 डिसेंबर 1936 ला अधिवेशन भरलं ते यावल तालुक्यातल्या फैजपुरात. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू.

फैजपूर म्हणजे अगदीच चार झोपड्यांची वस्ती नव्हे बरं का, बाजाराचं गाव. पण रेल्वे सावद्यापर्यंतच. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ही जबाबदारी उचलली. अमळनेरचे साने गुरुजी माणसं आणि पैसा जमवत गावोगाव हिंडले. नंदलाल बोस यांनी बांबू, चटया अशा गावच्याच सामानातून टिळकनगर सजवलं. त्या सजावटीचं कौतुक पुष्कळ झालं, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट रस्त्यावर घडत होती.

त्याच सुमारास किसान सभेचं अधिवेशनही फैजपुरातच होतं. त्यासाठी शेतकऱ्यांचा एक जथा मनमाडहून पायी निघाला. वाटेत गावं लागत, सभा होत. मंदीनं कापसाचे भाव कोसळले होते. सावकाराचं व्याज आणि सरकारचा सारा मात्र कोसळला नव्हता. फैजपुरात पुढाऱ्यांनी या जथ्याचं स्वागत केलं. आता गंमत पाहा. मताचा अधिकार वाढला खरा, पण तो सारा भरणाऱ्याला, शिकलेल्याला. ज्याच्याजवळ तुकडाभरही जमीन नाही अशा बहुतेक शेतमजुरांना मत नव्हतंच. नुसती मतं मोजायची असती, तर अशा माणसाकडे पाहण्याचं कुणाला कारण नव्हतं. तरीही फैजपूरच्या शेतीविषयक ठरावात शेतसारा व खंड कमी करणं, कर्जाचा बोजा हलका करणं यांच्या जोडीला शेतमजुराला पोटापुरती मजुरी हीही मागणी आली.

निवडणुकीत काँग्रेसला मुंबई प्रांतात 175 पैकी 86 जागा मिळाल्या. जुलै 1937 मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. कुळांसाठी आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी 1939 साली कायदे झाले. पुढची अधिवेशनंही हरिपुरा, त्रिपुरी, रामगढ अशा खेड्यापाड्यांतच भरली.

मात्र ज्याच्या दारी आपण जातो, तोही एक दिवस आपल्या दारी येतो. 1938 साली पूर्व खानदेशात ओला दुष्काळ पडला, उभी पिकं गेली. शेतसारा माफ व्हावा म्हणून साने गुरुजींनी पुन्हा गावोगाव सभा घेतल्या आणि शेतकऱ्यांचे मोर्चे कलेक्टर कचेरीवर नेले. मुंबईत सरकार तेव्हा काँग्रेसचंच होतं.