बोंडागणिक बंडी

वेब-ॲप लिहिणाऱ्या मंडळींत गेली काही वर्षे एक मत जवळजवळ निर्विवाद मानले जाते. ॲपचा कोड जितक्या बारीक तुकड्यांत फोडाल तितके पान लवकर उघडेल. सगळा कोड एका बंडलात बांधणे हा जुन्या काळचा नाइलाज होता, आता त्याचे कारण उरले नाही. खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष इतका नीट मांडावा की प्रतिपक्षानेही मान डोलवावी, ही आपल्याकडची जुनी शिस्त. तेव्हा तो आधी मांडतो.

एचटीटीपी १.१ च्या काळात ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी सहाच जोडण्या उघडत असे. शंभर फायली असल्या की सहा आत आणि बाकीच्या रांगेत. म्हणून सगळ्या फायली एकत्र शिवून एकच मोठी फाइल पाठवायची रीत पडली. मे २०१५ मध्ये एचटीटीपी २ चे मानक, आरएफसी ७५४०, प्रसिद्ध झाले. एकाच जोडणीवरून वाटेल तेवढ्या फायली एकदम मागवता येऊ लागल्या. रांग मोडली, मग गठ्ठा कशाला? शिवाय जे पान माणूस उघडणारच नाही त्याचा कोड त्याच्या माथी का मारावा? आणि एका बटणात बदल केला म्हणून सबंध बंडलाची कॅश बाद का व्हावी?

यातले कोणाच्या माथी नको ते मारू नये हे खरे. कॅशचे म्हणणे अर्धे खरे. पण त्यातून काढलेला ‘जितके बारीक तितके बरे’ हा निष्कर्ष खोटा आहे, आणि तो कुठे खोटा ठरतो हे पाहायला कळंबइतकी चांगली जागा नाही.

हा यवतमाळ जिल्ह्यातला कापसाचा मुलूख. इथे कापूस बोंडागणिक फुटतो आणि वेचाही एकदाच होत नाही. पहिला वेचा, दुसरा वेचा, पाणी असेल तर फरदड. पण बोंडागणिक बंडी जुंपून कोणी बाजाराला निघत नाही. जिनिंगमध्ये सरकी निघते, प्रेसमध्ये रुई दाबली जाते आणि १७० किलोची गाठ बांधून मगच माल पुढे जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–कळंब ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला. म्हणून गाठी सोडून सुटी बोंडे डब्यात भरा, असे कोणी म्हटले नाही. एचटीटीपी २ हा असाच नवा रूळ. त्याने रांग मोडली, खेप मोडली नाही.

खेपेचा हिशेब करू. गूगलचे ‘लाइटहाउस’ हे मोजमापाचे साधन मोबाइलची चाचणी घेताना मागणी जाऊन उत्तर येण्याच्या एका फेरीला १५० मिलिसेकंद धरते आणि वेग सेकंदाला सुमारे १.६ मेगाबिट. या वेगाने २० किलोबाइटचा तुकडा उतरायला १०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे माल शंभराचा आणि खेप दीडशेची. ३० किलोबाइटला दोन्ही बरोबरीत येतात. त्याखालच्या प्रत्येक तुकड्यात माल वाहण्यापेक्षा वाट पाहण्यातच जास्त वेळ जातो.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, तुकडे एकदम मागवले तर वाट एकदाच पाहावी लागते. बरोबर, पण काय मागवायचे ते आधी ठाऊक असेल तर. जावास्क्रिप्टच्या मॉड्यूलांत तसे नसते. पहिली फाइल आली, ती वाचली, की तिला दुसरी हवी हे कळते. दुसरी आली की तिसरीचे नाव समजते. कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला जमिनीखाली उतरावे लागते, पण तिथे वरूनच पायऱ्या दिसतात. इथे आधीच्या पायरीवर पाय टेकल्याशिवाय पुढची दिसतच नाही. सहा पायऱ्यांची साखळी म्हणजे सहा फेऱ्या, ९०० मिलिसेकंद, आणि त्या काळात पडदा कोरा. नेटवर्क दुप्पट रुंद केले तरी हा आकडा हलत नाही. फायली न मागता सर्व्हरनेच पुढे ढकलाव्यात, हा एचटीटीपी २ मधला ‘सर्व्हर पुश’चा उपायही चालला नाही, २०२२ मध्ये क्रोमने तो काढून टाकला.

हे माझे एकट्याचे तर्कट नव्हे. खान अकॅडमीच्या अभियंत्यांनी २०१५ मध्येच बंडले सोडून शेकडो सुट्या फायली पाठवून पाहिल्या आणि पान मंदावले असा अनुभव नोंदवला. क्रोममधल्या व्ही८ इंजिनाच्या मंडळींनी २०१८ मध्ये मर्यादाच आखून दिली: एकूण मॉड्यूले शंभरापेक्षा कमी आणि साखळीची खोली पाचापेक्षा कमी असेल, तर न बांधता चालेल. वीट हे साधन तर सुट्या मॉड्यूलांच्या जोरावरच नावारूपाला आले. पण तेही लोकांना द्यायचा कोड बांधूनच देते. इतकेच काय, विकासकाच्या स्वतःच्या संगणकावरही ते लोडॅश-ईएससारखी लायब्ररी आधी एकत्र बांधून घेते, कारण तिच्यातले एक छोटे फंक्शन मागितले तरी सहाशेवर मागण्या सुटतात. वेबपॅक या बंडले बांधणाऱ्या साधनाची गोष्ट आणखी गमतीची. टोबियास कॉपर्सने ते लिहायला घेतले मुळात कोड फोडण्याच्या सोयीसाठी. पण त्याची पाचवी आवृत्ती सामाईक कोड वेगळा काढताना २०,००० बाइटपेक्षा लहान तुकडा आपण होऊन पाडत नाही. सुरीच सांगते आहे की आता पुरे, तरी आपण चिरतो आहोत.

फाइल पाठवण्याआधी दाबून लहान करण्याचा मुद्दा राहिला. जीझिप पुनरावृत्ती शोधायला मागच्या ३२ किलोबाइटपर्यंत पाहते; फाइल बदलली की तिची स्मृती कोरी. एकाच घराण्याचा कोड पन्नास फायलींत वाटला की तेच शब्द पन्नासदा नव्याने शिकावे लागतात. सुटी रुई जागा फार खाते, हे प्रेसवाल्याला सांगावे लागत नाही.

कॅशचे अर्धसत्य थोडक्यात. क्वचित बदलणाऱ्या लायब्रऱ्या एका गाठीत आणि रोज बदलणारा आपला कोड दुसऱ्या गाठीत, एवढ्याने बहुतेक फायदा पदरात पडतो. त्यापलीकडचे तुकडे नवे दुखणे आणतात. सकाळी पान उघडले, दुपारी नवी आवृत्ती चढली आणि जुने तुकडे सर्व्हरवरून पुसले गेले. संध्याकाळी बटण दाबले की तुकडा सापडत नाही.

मग फोडायचेच नाही का? फोडायचे, पण सांध्यावर. सांधा म्हणजे काय, ते देवनागरीच शिकवते. चिनी-जपानी वेबफॉन्ट फार मोठे, म्हणून गूगल फॉन्ट्स ते शंभराच्या आसपास तुकड्यांत कापून देते. पानावर जी चिन्हे असतील त्यांचेच तुकडे उतरतात. देवनागरी असे कापता येत नाही. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. त्यातला क एका फाइलीत आणि ष दुसरीत ठेवला तर ब्राउझर त्यांना दोन वेगळे फॉन्ट समजतो आणि जोडाक्षर जुळतच नाही. लॅटिन वेगळे आणि देवनागरी वेगळे, हा सांधा; देवनागरीच्या आत सुरी घालणे म्हणजे हाडावर वार. कोडचेही तेच. नकाशा, आलेख, पावतीची पीडीएफ बनवणारी लायब्ररी ही वेगळी निघणारी अंगे. अर्ज, त्याची तपासणी आणि ‘जतन करा’ हे एकच जोडाक्षर.

माझा खरा वाद इथेच आहे. कोड ‘लागेल तेव्हा’ आणू म्हणताना आपण एक गोष्ट न बोलता धरून चालतो: लागेल तेव्हा नेटवर्क असेल. पुण्यातल्या कचेरीत ते असतेच, म्हणून हे गृहीतक कोणाला दिसत नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद शेतात उभे राहून मोबाइलवर करायची पद्धत आली. ते काम ॲपवर होते आणि ॲपचा कोड आधीच फोनात असतो. तसेच काम वेबपानावर आणले तर? माणूस कळंबच्या एसटी स्थानकावर रेंज असताना पान उघडतो, शेतावर जाऊन भरतो, शेवटचे बटण दाबतो. आणि त्या बटणाचा कोड तेव्हा कुठे निघतो सर्व्हरवरून. पहिले पान अर्धा सेकंद लवकर उघडल्याचा आनंद त्या माणसाला किती होईल?

तुमच्या बंडलातले तुकडे दाखवणारा रंगीत आलेख उत्तम असेल. तरी एक करून पाहा. पान उघडा, फोन विमान मोडवर टाका, सगळा अर्ज भरा आणि शेवटचे बटण दाबा. भरलेला मजकूर फोनात राहिला, तर बाकीचे तुकडे हवे तिथे पाडा.