गाडी खालून बघायची असते

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका मित्राने लक्झरी एसयूव्ही घेतली. माणूस बांधकाम व्यवसायातला, स्वतःच्या मेहनतीने वर आलेला. पेढे द्यायला घरी आला तेव्हा सोबत गाडीचं माहितीपत्रक होतं. त्यात बर्फाच्या डोंगरावर आणि वाळवंटात उभ्या असलेल्या गाडीचे फोटो होते. तीन आठवड्यांनी हीच गाडी हरसूलच्या पुढे, एका पाड्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर चिखलात बसली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक गरगर फिरत होतं, बाकीची दोन ढिम्म. शेवटी गावातल्या ट्रॅक्टरने ओढून काढली. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत, फक्त विचारलं, "शेठ, एवढी मोठी गाडी अन् एवढ्याशा गाऱ्यात बसली?"

गाडी कोणत्या कंपनीची, हा इथे मुद्दा नाही. त्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. महागडी एसयूव्ही खरंच रस्ता सोडून चालू शकते का, हे ओळखायचं कसं?

माझे मामू नाशकात मिस्त्री होते. उभी हयात त्यांनी जीपा दुरुस्त करण्यात घालवली. कुणी जुनी गाडी विकत घेण्याआधी दाखवायला आणली की ते दार उघडायचेसुद्धा नाहीत. आधी गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचे. म्हणायचे, "गाडी नीचे से देखते बेटा, उपर से तो सब दुल्हन है." या एका वाक्यात वरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं इतिहासात आहे आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो.

1940 ची परीक्षा

दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. अमेरिकन लष्कराला घोडा आणि मोटारसायकल यांच्या जागी एक हलकी, चारही चाकांवर चालणारी गाडी हवी होती. जुलै 1940 मध्ये त्यांनी 135 कंपन्यांना मागणी पाठवली. अट अशी की पहिला नमुना 49 दिवसांत हजर करायचा आणि गाडीचं वजन 1,300 पौंड, म्हणजे सुमारे 590 किलोच्या आत ठेवायचं. मैदानात शेवटी तीनच कंपन्या टिकल्या: बँटम, विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड. बँटमने 23 सप्टेंबरला मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डवर नमुना आणून उभा केला.

तिथे लष्कराने गाडीला चिखलातून, खड्ड्यांतून, चढावरून पिटाळलं. काय मोडतं ते पाहिलं, सुधारायला लावलं आणि पुन्हा पिटाळलं. या चाचण्यांत लष्कराचाच एक आग्रह खोटा ठरला. 590 किलोची गाडी असला मार सोसूच शकत नव्हती. वजनाची अट सैल करावी लागली आणि शेवटी तयार झालेली विलीस एमबी एक टनाच्या वर गेली. कागदावरची अट आणि चिखलातलं सत्य यांत फरक पडला, तेव्हा लष्कराने चिखलाचं ऐकलं.

या जीपचे काही आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील. जमिनीपासून उंची सुमारे 222 मिलिमीटर. पुढचा कोन 45 अंश, मागचा 35 अंश. इंजिन फक्त 60 अश्वशक्तीचं. आजची छोटी हॅचबॅकसुद्धा याहून ताकदवान असते. तरीही युद्धात अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या जंगलापर्यंत चालल्या. कारण ताकद चाकापर्यंत कशी पोहोचते, याची सोय त्यांत होती. मुख्य गिअरशेजारी आणखी छोटे दांडे होते. एकाने पुढची चाकं कामाला लागत आणि दुसऱ्याने गाडीचा वेग जवळपास निम्मा होऊन ओढ दुप्पट होई. यालाच आज 'लो रेंज' म्हणतात.

महिंद्रा अँड मोहम्मद

ही जीप भारतात रुजवणाऱ्या कंपनीची पाटी आज 'महिंद्रा अँड महिंद्रा' अशी आहे. 2 ऑक्टोबर 1945 ला कंपनी स्थापन झाली तेव्हा ती 'महिंद्रा अँड मोहम्मद' होती. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा हे दोन भाऊ आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. धंदा पोलादाच्या व्यापाराचा. गुलाम मोहम्मद अलीगढमध्ये शिकलेले, रेल्वेच्या हिशेब खात्यातून वर आलेले अधिकारी. निजामाच्या हैदराबादमध्ये त्यांनी अर्थखातंही सांभाळलं होतं.

दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद कराचीला गेले आणि पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1951 ला गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये इकडे कंपनीचं नाव बदललं. 'एम अँड एम' ही आद्याक्षरं तीच राहिली, दुसऱ्या 'एम'चा अर्थ तेवढा बदलला.

नाव मागे पडलं म्हणून तो माणूस निष्कलंक होता, असं मी म्हणणार नाही. 1954 मध्ये त्यांनी पाकिस्तानची संविधान सभा बरखास्त केली. त्या देशातली लोकशाही पांगळी होण्याची सुरुवात अनेक अभ्यासक तिथूनच मोजतात. पण हेच गुलाम मोहम्मद 26 जानेवारी 1955 ला दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते, हेही खरं. एका हिंदू-मुस्लिम भागीदारीतून उभी राहिलेली कंपनी स्वतंत्र भारताची जीप बनवते, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलीसच्या जीपा मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढची कित्येक दशकं हीच घराणेदार गाडी लष्कर, पोलीस, वनखातं आणि तहसीलदार यांच्या कामाला आली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या वाडी-पाड्यांवर ती काळी-पिवळी होऊन पोहोचली. आत दहा, मागे लटकून चार, टपावर कोंबड्या आणि भाजीच्या पाट्या. त्यातल्या कित्येक जीपांना फोर-व्हीलही नव्हतं. तरी त्या जायच्या, कारण गाडी उंच होती, टायर अरुंद होते, वजन मागच्या चाकांवर होतं आणि ड्रायव्हरला रस्त्याचा प्रत्येक दगड पाठ होता. शहरातला माणूस ज्याला 'ऑफ-रोड' म्हणतो, तो त्या पाड्यावरच्या माणसाचा रोजचा रस्ता आहे.

सुखसोयी कुठून आल्या?

युद्धानंतर इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स स्वतःच्या शेतावर एक जुनी विलीस जीप वापरत होते. तिच्यावरूनच त्यांना लँड रोव्हर सुचली आणि 1948 ला ती अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. तीही शेताची गाडी होती. 1970 मध्ये त्याच कंपनीने रेंज रोव्हर आणली. पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, कायम चारही चाकांना ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि साडेतीन लिटरचं व्ही-8 इंजिन. लक्झरी एसयूव्हीच्या घराण्यातलं हे ठळक नाव. गंमत म्हणजे पहिल्या रेंज रोव्हरचा आतला भाग प्लास्टिकचा होता, पाइप लावून धुता यावा म्हणून. चामड्याची सीट आणि लाकडी पट्ट्या नंतर आल्या.

तिची खरी कसोटी 1972 मध्ये लागली. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत निघालेली ब्रिटिश मोहीम दोन रेंज रोव्हर घेऊन पनामा-कोलंबियामधल्या डॅरियनच्या जंगलात शिरली. तिथे रस्ताच नाही, आहे ती दलदल. सुमारे चारशे किलोमीटरसाठी जवळपास शंभर दिवस लागले. वाटेत गाड्यांची डिफरन्शियल फुटली. दलदलीसाठी बसवलेले अवजड टायर आणि गाडीवर लादलेला बोजा यांचा ताण मागच्या यंत्रणेला झेपला नाही. मग पुढे वाट काढण्यासाठी एक जुनी, साधी लँड रोव्हर विकत घेतली गेली. शेवटी रेंज रोव्हर जंगलातून पार झाल्या, पण ते श्रेय गाडीइतकंच कुऱ्हाडी चालवणाऱ्या हातांचं, दोरखंडांचं आणि त्या जुन्या गाडीचं होतं.

2008 मध्ये टाटांनी ही कंपनी विकत घेतली आणि 2024 पासून रेंज रोव्हर पुण्यात जोडली जाऊ लागली. म्हणजे जीपची लेक आणि नात दोघीही आता महाराष्ट्रात नांदतात.

मग पारखायचं कसं?

पहिलं, लो रेंज आहे का ते विचारा. 'ऑल-व्हील ड्राइव्ह' असं लिहिलेलं असलं म्हणजे लो रेंज असतेच असं नाही. ओल्या डांबरी रस्त्यावर ऑल-व्हील उत्तम. पण दगडांच्या चढावर गाडी मुंगीच्या चालीने नेण्यासाठी लो रेंजच लागते.

दुसरं, कोन बघा. चढ समोर आला की बंपर घासण्याआधी चाक चढाला लागलं पाहिजे. उतरताना मागची बाजू टेकता कामा नये आणि उंचवट्यावर पोट अडकता कामा नये. लांबलचक, झुकलेल्या बंपरच्या गाड्या इथेच हरतात.

तिसरं, एक चाक हवेत गेलं तर काय होतं? साधं डिफरन्शियल पाण्यासारखं वागतं, जिथे अडथळा कमी तिकडे ताकद वाहून जाते. म्हणून हवेतलं चाक गरगरतं आणि जमिनीवरचं ढिम्म राहतं. माझ्या मित्राची गाडी इथेच फसली. आजच्या गाड्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवतात. ते उपयोगी आहे, पण त्याला मर्यादा आहे. डिफरन्शियल लॉक असेल तर भरवसा जास्त. मर्सिडीजची जी-क्लास कोटींच्या घरातली, पण तिला तीन लॉक आहेत. महाग म्हणजे नाजूकच, असा उलटा समजही नको.

चौथं, टायर. एकवीस-बावीस इंची रिम आणि त्यावर पट्टीसारखा पातळ टायर, हे शोरूमचं सौंदर्य आहे. दगडावर आधी तोच फाटतो. आपल्या दिंडोरी-निफाडच्या काळ्या मातीत रस्त्याच्या टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. मग कितीही अश्वशक्ती असो.

पाचवं, पाणी. किती खोल पाण्यातून गाडी जाते याचा आकडा कंपनी देते, पण तो साचलेल्या पाण्याचा. पुलावरून पुराचं पाणी वाहत असेल तर कोणताही आकडा धरू नका, मागे फिरा.

सहावं, ओढायचा हुक आणि पूर्ण आकाराची स्टेपनी. सगळ्या जाहिरातींत ही दोन नावं शेवटी येतात आणि जंगलात सगळ्यात आधी आठवतात.

आता ते आकडे पुन्हा काढू. 2 ऑक्टोबर 2020 ला, कंपनीला 75 वर्षं झाली त्या दिवशी, नवी थार बाजारात आली. ती आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनते. तिची जमिनीपासून उंची 226 मिलिमीटर, पुढचा कोन 41.8 अंश, मागचा 36.8 अंश. शेजारी 1941 ची जीप ठेवून बघा: 222, 45 आणि 35. ऐंशी वर्षांत एसी आला, स्क्रीन आली, एअरबॅग आल्या. पण चिखल आणि दगड बदलले नाहीत, म्हणून हे आकडेही फारसे बदलले नाहीत.

मित्राने परवा विचारलं, "गाडी विकून टाकू का?" मी म्हटलं, अजिबात नको. समृद्धीवरून घरच्यांना घेऊन मुंबईला जायला याहून चांगली गाडी नाही. फक्त टायर बदल, इगतपुरीकडे ऑफ-रोड गाडी चालवायचं शिक्षण देतात ते एकदा घे आणि हरसूलला जाशील तेव्हा त्या ट्रॅक्टरवाल्याकडे चहा घे. रस्ता कुठे धरायचा, ते माहितीपत्रकापेक्षा त्याला जास्त कळतं.