कोयत्यात अर्धी, सातबाऱ्यावर कुठाय?

आपल्या बीडमध्ये ऊसतोडीची उचल जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. म्हणजे कामात बाई बरोबर अर्धी. सातबाऱ्यावर मात्र बहुतेक ठिकाणी एकटा नवरा.

गोव्यात तसं नाही. त्याचं मूळ पार फ्रान्समध्ये आहे. १८०४ साली नेपोलियनच्या नागरी कायद्याने मालकी हक्क पक्का केला, वारशात लेक-लेकी समान धरले आणि लग्नानंतर घेतलेली मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक मानली. कारभार मात्र नवऱ्याकडेच ठेवला. त्याच वळणाचा कायदा पोर्तुगालने १८६७ ला केला, १८७० पासून तो गोव्यात लागू झाला. १९६१ ला गोवा मुक्त झाला, कायदा राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही.

आपण निजामाच्या राज्यातले. १९४९ ला जहागिऱ्या गेल्या, १९५० च्या कायद्याने कुळांना हक्क मिळाले. पण कागदावर नावं चढली ती बहुतेक कर्त्या पुरुषांची. १९९४ ला राज्याने लेकींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क दिला, तर आपण हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायला लागलो. बायकोचं नाव लागतं ते बहुधा नवरा गेल्यावर, वारस फेरफारात.

शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. १९९२ ला सरकारनेही तशी योजना आणली. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं.

माझं म्हणणं एवढंच, यंदा कारखान्याला निघण्याआधी तलाठ्याकडे तो एक अर्ज द्या. मुकादमाला जे कळतं, ते आपल्याला का कळू नये?