टॉक्सोप्लाझ्मोसिस : गर्भवती महिला आणि संसर्गाची जोखीम

टॉक्सोप्लाझ्मोसिस हा 'टॉक्सोप्लाझ्मा गोंडी' या एकपेशीय परजीवीमुळे होणारा संसर्ग आहे. निरोगी व्यक्तीला तो झाल्याचे बहुधा कळतही नाही. काहींना हलका ताप येतो, अंग दुखते किंवा मानेतील गाठी सुजतात आणि काही आठवड्यांत हा त्रास आपोआप थांबतो. मात्र गर्भारपणात प्रथमच संसर्ग झाल्यास परजीवी वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे गर्भपात, मृत बालकाचा जन्म, बाळाच्या मेंदूत पाणी साठणे किंवा दृष्टिपटलाला इजा होणे असे गंभीर परिणाम संभवतात. जन्मतः निरोगी दिसणाऱ्या बालकातही डोळ्यांचा विकार काही वर्षांनी उद्भवू शकतो.

१९०८ साली ट्युनिस येथे चार्ल्स निकोल आणि लुई मान्सो यांना 'गोंडी' नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात हा परजीवी आढळला. त्यावरूनच त्याचे नाव पडले. त्याच्या प्रसारात मांजराची नेमकी भूमिका काय, हे १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले.

संसर्गाचे मार्ग

या परजीवीची अंड्यांसारखी सूक्ष्म रूपे केवळ मांजर कुळातील प्राण्यांच्या विष्ठेतून बाहेर पडतात. प्रथमच बाधित झालेले मांजर साधारणपणे एक ते तीन आठवडे ती टाकते. ताज्या विष्ठेपासून लगेच संसर्ग होत नाही. त्यासाठी एक ते पाच दिवसांचा अवधी लागतो. त्यानंतर मात्र ही रूपे ओलसर मातीत अनेक महिने टिकून राहतात आणि तेथून भाजीपाला, पाणी व चाऱ्यापर्यंत पोहोचतात. दूषित चारा खाल्लेल्या शेळ्या, मेंढ्या आणि डुकरांच्या स्नायूंत परजीवी सुप्तावस्थेत राहतो. असे मांस कच्चे अथवा अर्धवट शिजलेले खाल्ल्यास संसर्ग होतो.

युरोपातील सहा शहरांमधील गर्भवती महिलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार ३० ते ६३ टक्के संसर्गांचे कारण अपुरे शिजलेले मांस, तर ६ ते १७ टक्के संसर्गांचे कारण मातीशी आलेला संपर्क हे होते. मांजराच्या सहवासाशी संसर्गाचा संबंध या अभ्यासात आढळला नाही. त्यामुळे घरातील मांजर दूर सोडून येण्यापेक्षा स्वयंपाकघरातील आणि बागेतील स्वच्छता अधिक महत्त्वाची ठरते.

भारतातील स्थिती

२००४-०५ मध्ये तामिळनाडूतील कोइमतूर येथे या परजीवीमुळे झालेल्या नेत्रविकाराची साथ आली होती. पिण्याच्या पाण्यातून संसर्ग झाल्याचे अनुमान तेव्हा तज्ज्ञांनी काढले. प्रजननक्षम वयातील महिलांबाबत देशाच्या विविध भागांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे २२ टक्के महिलांमध्ये संसर्गाच्या खुणा आढळल्या. हे प्रमाण दक्षिण भारतात सुमारे ३७ टक्के, तर पश्चिम भारतात सुमारे ९ टक्के होते. ज्या महिलांना पूर्वी संसर्ग झालेला नाही, त्यांच्यात त्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही नसते. म्हणून प्रमाण कमी असलेल्या भागातही दक्षता आवश्यक आहे.

संसर्ग केव्हा झाला, हे निर्णायक

गर्भारपणाच्या १३ व्या आठवड्यात आईला संसर्ग झाल्यास तो गर्भापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के असते. २६ व्या आठवड्यात ते सुमारे ४० टक्के, तर ३६ व्या आठवड्यात सुमारे ७२ टक्के होते. याउलट, संसर्ग जितक्या लवकरच्या काळातील, तितकी गर्भाची हानी अधिक गंभीर असते. गर्भधारणेच्या बऱ्याच आधी संसर्ग होऊन गेलेल्या महिलेच्या बाळाला सहसा धोका नसतो. एचआयव्ही अथवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या महिला याला अपवाद आहेत.

चाचणी आणि तिचा अर्थ

रक्तातील आयजीजी आणि आयजीएम या प्रतिपिंडांवरून संसर्गाचे निदान केले जाते. आपल्याकडे गर्भपात झालेल्या अनेक महिलांना 'टॉर्च' चाचणी सांगितली जाते. या चाचणीत आयजीएम आढळल्यास घरात घबराट पसरते. परंतु आयजीएम काही महिने, प्रसंगी वर्षाहून अधिक काळ रक्तात राहू शकते. शिवाय चाचणीचा निष्कर्ष चुकीचाही असू शकतो. तसेच जुना संसर्ग हे वारंवार होणाऱ्या गर्भपातांचे कारण मानले जात नाही. आयजीजीची 'अ‍ॅव्हिडिटी' चाचणी गर्भारपणाच्या प्रारंभीच्या महिन्यांत केली आणि तिचे प्रमाण उच्च आढळले, तर संसर्ग गर्भधारणेपूर्वीचा असल्याचे समजते. गर्भाला लागण झाली आहे काय, हे १८ व्या आठवड्यानंतर गर्भजलाच्या पीसीआर तपासणीतून पाहता येते. केवळ एका अहवालाच्या आधारे गर्भपाताचा निर्णय घेणे उचित नाही. नव्या संसर्गावर स्पायरामायसिन आणि अन्य औषधे उपलब्ध आहेत. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

प्रतिबंधक उपाय

- मांस आतपर्यंत पूर्ण शिजवावे. शिजत असताना त्याची चव घेऊ नये.
- कच्चे मांस हाताळल्यानंतर हात, सुरी व पाट साबणाने धुवावेत.
- फळे, कोथिंबीर आणि कोशिंबिरीच्या भाज्या भरपूर पाण्याने धुऊन घ्याव्यात.
- पाणी उकळून प्यावे. शेळीचे दूध न तापवता पिऊ नये.
- शेतात अथवा बागेत काम करताना हातमोजे वापरावेत.
- मांजराची विष्ठा घरातील अन्य व्यक्तीने दररोज काढावी. मांजराला कच्चे मांस देऊ नये.