साठी, बुद्धी आणि कुलूप

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात संध्याकाळी उभे राहून पाहा. रिक्षा, बस, शिकवणीहून परतणारी मुले, नुसती धांदल. समजा, या गर्दीत सत्तरीचे एक आजोबा उभे आहेत. घर कुठे आहे ते त्यांना सांगता येत नाही. आधी ते पैठण गेटच्या दिशेला बोट दाखवतात, मग उलट्या दिशेला. कोणी हात धरला की चिडतात, ढकलून देतात. दहा माणसे जमतात आणि एक जण म्हणतो, "वेडा दिसतोय, पोलिसांना बोलवा."

पुढे या आजोबांचे काय होईल? त्यांना ज्या दाराआड नेले जाईल, तेथल्या माणसांना त्यांचे नेमके काय बिघडले आहे ते ओळखू येईल का? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

याच चौकाजवळ काळा चबुतरा आहे. १८५७ मध्ये इथल्या घोडदळाच्या शिपायांनी बंड केले आणि त्यांना येथे मृत्युदंड देण्यात आला. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. (औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे येथे तो लागू नव्हता.) या कायद्याची व्याख्या फार ढोबळ होती. ज्याचे मन ठिकाणावर नाही, तो वेडा. १९१२ च्या कायद्यातही फारसा फरक पडला नाही. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने माणूस आत जाई आणि दार बंद होई.

आजच्या महाराष्ट्रातली चार मोठी सरकारी मनोरुग्णालये याच काळातली : नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा (१९१५). मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. उंच भिंती, मोठी फाटके आणि किल्ल्यांचे जुडगे अशी त्या काळच्या इस्पितळांची रचना असे. सेवकाचे मुख्य काम म्हणजे माणसे मोजणे आणि कोणी पळून जात नाही ना ते पाहणे. अनेक रुग्ण तरुणपणी आत आले आणि तेथेच म्हातारे झाले. त्यांतला एखादा विसरू लागला, तर त्यात नवे काय? बाहेरचा समाजही 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळा होत होता. आत तर तो माणूस आधीच 'वेडा' ठरलेला होता!

आता एक योगायोग पाहा. ठाण्याचे मनोरुग्णालय सुरू झाले त्याच १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. तिचे नाव ऑगस्टे. डॉ. अलोइस अल्झायमर तिच्याजवळ बसले. नवऱ्याचे नाव विचारले, तर तिने स्वतःचेच नाव सांगितले. जेवणात फुलकोबी होती. काय खातेस असे विचारल्यावर ती म्हणाली, पालक. दाखवलेल्या वस्तू ती थोड्या वेळात विसरे. अल्झायमर यांनी प्रश्न आणि उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवली. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात पेशींबाहेर साचलेले पदार्थ आणि पेशींच्या आतले गुंतलेले धागे दिसले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. सूक्ष्मदर्शक महत्त्वाचा होताच. पण त्याआधी कोणीतरी एका 'वेड्या' बाईचे बोलणे नीट ऐकले होते, हे विसरून चालणार नाही.

१९५५ मध्ये इंग्लंडमध्ये मार्टिन रॉथ यांनी मनोरुग्णालयातील वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या. कोणी उदास होते, कोणी संशयाने ग्रासलेले, कोणी एकाएकी गोंधळलेले, तर कोणी हळूहळू सारे विसरत गेलेले. पुढे काय झाले ते पाहिल्यावर या गटांच्या वाटा वेगवेगळ्या निघाल्या. उदास वृद्धांपैकी पुष्कळ जण बरे होऊन घरी गेले होते. म्हणजे म्हातारपणाचा एकच 'चळ' नसतो. नैराश्य, थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ओळखली, तर उपचार करता येतात. 'वय झाले' म्हणून सोडून दिले, तर ती संधी जाते.

मग कुलूपबंद वॉर्डात स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, ओळखणे अवघड का? घरी आजी भाजीत दोनदा मीठ घालते आणि सुनेच्या ते लक्षात येते. वॉर्डात जेवण आयते मिळते, आंघोळीची वेळ ठरलेली असते, पैसे हाताळायचे नसतात. चूक करायला जागाच नसते, म्हणून चूक दिसत नाही. तारीख विचारावी, तर भिंतीवर कॅलेंडर नसते. त्यात १९७८ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. स्किझोफ्रेनियाच्या जुन्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश जण आपले वय खऱ्यापेक्षा बरेच कमी सांगत. म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तरावरून निदान होत नाही.

परीक्षेचा प्रश्न आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, ओळखीचा आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या स्मरणशक्तीच्या प्रसिद्ध चाचणीत वाक्य लिहायचे असते, आकृती काढायची असते. शाळेत न गेलेली आजी त्यात नापासच होणार. पण ही मोजणी स्मरणाची झाली की शाळेची? १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ येथे संशोधकांनी निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार केली, ती याच कारणाने.

म्हणूनच डॉक्टरांच्या फेरीइतकेच महत्त्व रोज जवळ असणाऱ्या परिचारिका आणि सेवकांना आहे. त्यांना काय माहीत हवे? बदल महिनोन्महिने झाला की दोन दिवसांत? दोन दिवसांत झाला असेल, तर ताप, संसर्ग किंवा औषधाचा परिणाम आधी शोधावा. यालाच आपल्याकडे 'वात झाला' म्हणत. संध्याकाळीच अस्वस्थता वाढते का? चष्मा, श्रवणयंत्र जागेवर आहे का? ओरडणारा माणूस दुखते म्हणून तर ओरडत नाही ना? हुकूम न ऐकणारा माणूस उद्धट असेल, किंवा हुकमाचा पहिला अर्धा भाग त्याच्या लक्षातच राहिला नसेल. हा फरक कळला नाही, तर शिक्षा होते किंवा गुंगीचे औषध वाढते. आणि ते निरुपद्रवी नाही. मनोविकारांवरील काही औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये दिला.

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत 'स्मरण' हा शब्द स्पष्टपणे आला आहे. आपल्या त्या आजोबांना आता पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते आणि घरच्यांचा शोध घ्यावा लागतो.

कायदा दारापर्यंत पोहोचवतो. दाराच्या आत मात्र कोणीतरी त्यांच्याजवळ बसून नाव विचारायला हवे, उत्तर लिहून ठेवायला हवे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारून पाहायला हवे. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी त्याला फळा दिसतो की नाही हे आपण पाहतो. तीच ही रीत.