चरखा, चक्र आणि आमचा रंग

सोलापुरात निशाणाचा इतिहास 6 एप्रिल 1930 पासून सांगतात. त्या दिवशी येथील नगरपालिकेवर राष्ट्रीय निशाण चढले. मे महिन्यात गोळीबार झाला, शहर काही दिवस इंग्रजांच्या हातून सुटले, मग लष्करी कायदा आला आणि निशाण मिरवणे हाच गुन्हा ठरला. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा फासावर गेले. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो, आणि अभिमानाने शिकवतो.

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला : ‘सर, त्या निशाणात आपण कुठे होतो?’

मी फळ्यावर निशाणच काढले. 1921 साली गांधीजींनी पुढे आणलेल्या या निशाणात वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली तांबडा पट्टा आणि त्यांवर चरखा होता. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर धर्मीयांचा. अस्पृश्य? त्यांना तांबड्यात धरलेले होते, न विचारता. आणि 2 मार्च 1930 पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आमची माणसे सत्याग्रह करीत होती. पट्ट्यात जागा होती, देवळात नव्हती. त्याच वर्षअखेरीस बाबासाहेब गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा वेगळा राजकीय हक्क का मागत होते, ते या तीन पट्ट्यांवरून जितके चटकन समजते तितके माझ्या व्याख्यानातून समजत नाही.

चरख्याचेही तसेच. सूत साऱ्या देशाला एक करील असे म्हटले जाई. पण मुंबईच्या गिरण्यांत तुटलेला धागा तोंड लावून ओढावा लागतो म्हणून विणाई खाते अस्पृश्यांना बंद होते. 1928 च्या संपात बाबासाहेबांना हा प्रश्न काढावा लागला.

1931 साली काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असे पट्टे घेतले व रंगांचा जातधर्माशी संबंध नाही असे जाहीर केले. ही दुरुस्ती मोलाची होती, ते मान्य केले पाहिजे. 22 जुलै 1947 रोजी घटनासमितीने चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चोवीस आऱ्यांचे चक्र स्वीकारले. गांधीजी नाराज झाले. हे चक्र एकट्या बाबासाहेबांनी आणले, असे आपल्या सभांतून ठासून सांगतात. निशाण ठरवणाऱ्या समितीचे ते सभासद होते, एवढे कागदावर आहे. त्यापुढचे आपण प्रेमाने जोडलेले आहे. दुसऱ्यांच्या दंतकथा खोडणाऱ्यांनी आपल्या सांभाळू नयेत. (हे बोललो म्हणून एका कार्यकर्त्याने माझ्याशी महिनाभर अबोला धरला होता.)

आमचे स्वतःचे निशाणही एकदम निळे झाले नाही. 1936 साली निघालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा तांबडा होता, कोपऱ्यात अकरा प्रांतांचे अकरा तारे. तोच तांबडा रंग, पण इथे तो मजुरांचा. 1942 साली नागपुरास शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघाले आणि निळा आला. 1957 च्या रिपब्लिकन पक्षाने त्या निळ्यावर अशोकचक्र घेतले. निळा का, असे मी लहानपणी आजीला विचारले होते. ती म्हणाली, ‘आभाळ कुणाच्या बापाचं असतंय का?’

फळा पुसताना त्याच मुलाने विचारले, ‘सर, परीक्षेत हे येईल का?’

अभ्यासक्रमात धडा 1930 चाच आहे. मी म्हणालो, येणार नाही. तरी त्याने वहीत ते तिन्ही पट्टे काढून घेतले.