जयसिंगपूरच्या गल्ल्या आणि आपल्या कॉलन्या

मागच्या महिन्यात रात्री अकरा वाजता काकांसाठी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ड्रायव्हर चुकून शेजारच्या कॉलनीत शिरला. मधे फक्त एक कंपाउंडची भिंत. सायरन मला ऐकू येतोय, पण गाडी मेन रोडला परत जाऊन आमच्या गेटमधून आत यायला दहा मिनिटं गेली. काका वाचले, म्हणून हे शांतपणे लिहितोय.

तेव्हापासून डोक्यात जयसिंगपूर घोळतंय. राजर्षी शाहू महाराजांनी शंभरेक वर्षांपूर्वी मिरज-कोल्हापूर रेल्वेलगत ही बाजारपेठ वसवली आणि जन्मदात्या वडिलांचं, जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. तिथं रस्ते आधी आखले, घरं नंतर. सरळ समांतर गल्ल्या आणि त्यांना काटकोनात छेदणारे रस्ते. आजही लोक पत्ता सांगताना 'सातवी गल्ली', 'बारावी गल्ली' असाच सांगतात. एका गल्लीत मांडव पडला तर गाडी पुढच्या गल्लीतून घालायची, एवढं सोपं.

मग नव्या वस्तीत हे का नाही? कारण आता रस्ता गावाचा नसतो, गट नंबरचा असतो. एक शेत विकलं जातं, एन.ए. होतं, लेआउट पडतो. आतला रस्ता त्या गटाच्या बांधापर्यंत जातो आणि थांबतो. पाच-दहा वर्षांनी शेजारचं शेत विकलं जातं, त्याचा रस्ता वीस फूट बाजूला निघतो. चौक होतच नाही. बांधाच्या जागी भिंत येते आणि शेताची हद्द कायमची शहराची हद्द होऊन बसते. गुंठेवारीत तर लेआउटचाही पत्ता नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं प्लॉट नियमित करायची सोय केली, पण घरं उभी राहिल्यावर रस्ता काढायचा कुठून?

उपाय नव्हता असं नाही. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यातच तो होता: सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्त्यांची जागा आधी काढायची, मग ज्याला त्याला सरळ प्लॉट परत द्यायचा. गुजरातनं, विशेषतः अहमदाबादनं, ही पद्धत चालू ठेवली. आपल्याकडं भर राहिला विकास आराखड्यावर. त्यात मोठे डी.पी. रोड नकाशावर दाखवतात, जमीन ताब्यात येईपर्यंत पिढी जाते, आणि आतले बोळ ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

बंद रस्ता लोकांना आवडतो, हेही खरं. पोरं खेळतात, परक्या गाड्या येत नाहीत. आमच्या कॉलनीत भिंतीत निदान माणूस जाईल एवढं फाटक ठेवू म्हटलं, तर मीटिंगमध्ये पहिला विरोध काकांचाच!